स्लो कुकर की प्रेशर कुकर? आणि नूडल्स दुधीच्या की झुकिनीच्या?

माझी धाकटी जाऊ गोव्यात पर्वरीला राहते. सकाळी आठला घर सोडते, यायला संध्याकाळचे साडेसहा वाजतात. नवऱ्याची साखर वाढल्यापासून रात्रीचा भात कमी करून त्या जागी भाजीच्या नूडल्स करायचं तिच्या मनात आहे. परवा फोनवर म्हणाली, "ताई, स्लो कुकर घेऊ की आहे तो प्रेशर कुकरच पुरे? आणि नूडल्स कशाच्या गं करायच्या?" फोनवर अर्धंच सांगून झालं. तिच्यासारख्या आणखी कुणाला हाच प्रश्न पडला असेल, म्हणून सगळं लिहूनच काढते.

सगळ्यात आधी माझी फजिती. पहिल्या खेपेला मी सकाळीच आळसांद्यांबरोबर (चवळीसारखं कडधान्य) दुधीच्या नूडल्सही स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात, घातल्या. संध्याकाळी झाकण काढलं तर नूडल्स गायब. वर बोटभर हिरवट पाणी, खाली डावाला चिकटणारा लगदा. दुधीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. ते सहा-सात तासांत सगळं सुटतं, आणि झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून आटतही नाही. तेव्हापासून आमच्याकडे स्लो कुकरमध्ये फक्त रस, म्हणजे रस्सा, शिजतो. नूडल्स शेवटच्या दहा मिनिटांत, त्याही बाहेर कढईत.

आता भांड्यांचं. स्लो कुकरचं 'लो' आणि 'हाय' म्हणजे मंद आणि मोठी आच असं आपण समजतो. खरं तर दोन्हीकडे रस शेवटी उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतो, 'हाय'वर तिथे लवकर पोचतो एवढंच. साधारण २०० वॅटचा कुकर सहा तास चालला तर फार तर १.२ युनिट वीज. त्यामुळे बिलाची धास्ती नको.

आळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे वाटणाचा रस्सा, मी असं करते. वाटीभर आळसांदे रात्री भिजत घालायचे. खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, सुक्या मिरच्या भाजून वाटण रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी आळसांदे दहा मिनिटं खळखळून उकळायचे, मग वाटणासकट स्लो कुकरमध्ये घालून 'लो'वर सात तास. (राजमा असेल तर ही उकळी टाळायचीच नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरच्या आचेवर ते जाईलच असं नाही. पोट चांगलंच बिघडतं.) पाणी प्रेशर कुकरला तीन वाट्या घालत असाल तर इथे दोनच. सोलं (आमसुलं) मात्र शेवटी, कारण आंबटात कडधान्य मऊ होत नाही. सकाळीच सोलं टाकली तर रात्री दाताखाली खडे येतील. आणि मधेमधे झाकण उघडून बघू नका. गेलेली ऊब भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

प्रेशर कुकरला हेच काम तीन-चार शिट्ट्यांत होतं. आळसांदे थोडे फुटतात, वाटण वरवर राहतं. पण तोंडाक करून अर्धा तास तसंच मुरू दिलं तर चवीतला फरक माझ्या सासूबाईंनाही ओळखता आला नाही, आणि त्या बुडकुल्यात (मातीच्या भांड्यात) रांधलेलं खाऊन वाढलेल्या. म्हणून चवीसाठी स्लो कुकर घ्या असं मी म्हणणार नाही. तो घ्यायचा तो घरी आल्यावर चुलीपाशी उभं राहायचं त्राण नसतं म्हणून. आणि घेतलात म्हणून त्यात बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) करायला जाऊ नका. दहा मिनिटांत शिजणाऱ्या मासळीला सात तास कशाला?

खरी अडचण आपल्याकडच्या पावसाळ्याची. जुलैत वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. डिजिटल स्लो कुकर वीज परत आली तरी बरेचदा बंदच राहतो. बटण फिरवायचा साधा कुकर आपोआप पुन्हा सुरू होतो, पण मधे चार तास बंद होता हे तुम्हाला कळतच नाही. कोमट रस दोन तासांहून जास्त पडून राहिला तर तो फेकलेला बरा. परत उकळून सगळी विषं जात नाहीत. घरी इन्व्हर्टर असेल आणि कुकरची जोडणी त्यावर असेल तर हा प्रश्न मिटला. नसेल आणि दिवसभर घरी कुणीच नसेल, तर जून ते सप्टेंबर प्रेशर कुकरच.

नूडल्ससाठी झुकिनी (काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी) सुपरमार्केटात मिळते, दिसते छान, सालासकट चालते, कढईत दोन मिनिटं पुरतात. पण दुधीच्या मानाने फार महाग, आणि चवीला दुधीहून वरचढ आहे असं मला तरी वाटलं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोवळा, सरळ दुधी बघून घ्या. नख सहज रुतलं पाहिजे. साल काढायची, बियांचा भुसभुशीत गाभा सोडायचा आणि बाजूच्या गराच्या नूडल्स काढायच्या. स्पायरलायझर (भाजीच्या लांब शेवया काढायचं यंत्र) नसला तरी चालतं. सोलाण्याने लांब पट्ट्या काढून विळीवर बारीक चिरल्या की झालं. त्याआधी एक चकती कच्ची चाखून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. मीठ लावून, पिळून कडूपणा जाईल या भरवशावर राहू नका, कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. नूडल्सना मीठही ताटात वाढताना. आधी लावलं की पाणी सुटतं.

गाजराच्या नूडल्स कडक राहतात, दुसऱ्या दिवशी डब्यातही मोडत नाहीत, फक्त तोंडाकाबरोबर गोडसर लागतात. कच्च्या पपईच्या मला सगळ्यांत आवडतात, अगदी शेवयांसारख्या सुट्या. पण चिरताना चीक हाताला लागतो आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्या करूच नका. चतुर्थीच्या सुमाराला मोठी तवशीं (काकड्या) येतात, त्यांच्याही करून बघितल्या. पाणीच पाणी. तवशांची तवसळीच (काकडीचा गोड पदार्थ) करावी.

एक हिशेब जावेला मुद्दाम सांगितला. शिजलेल्या गव्हाच्या नूडल्स १०० ग्रॅम म्हणजे साधारण १४० कॅलरी, दुधीच्या १५च्या आसपास. पण आळसांद्यांत पिष्ट असतंच, खोबऱ्यात तेल. म्हणून नूडल्स ताटभर, तोंडाक वाटीभर. हे उलटं झालं की सगळं मुसळ केरात. गोळ्या चालू असतील तर भात किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारूनच.

तिला मी सांगितलं, तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे, घरी माणसं तीन, तेव्हा बटण फिरवायचा साडेतीन लिटरचा साधा स्लो कुकर घे आणि नूडल्स दुधीच्या कर. मला स्वतःला दुपारी तीनलाच सुटी होते. मी परत घेतला नसता. माझा आठवड्यातून एकदा निघतो, तोही आळसांद्यांपुरता.