जुना व्हिडिओ गेम कन्सोल चालू होत नाही: अडॅप्टर बदलावा की आत बघावं?

आधी दिव्याकडे बघा. तो लागत असेल तर यंत्र मेलेलं नाही. एनईएसचा (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, तेव्हा वीज व्यवस्थित पोचलेली असते. कार्ट्रिजशी (गेमच्या डबीशी) संपर्क नीट जुळत नाही, म्हणून आतली १०एनईएस ही कुलूप-चिप यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते. दोष बहुधा ७२ पिनांच्या कनेक्टरचा. निन्टेन्डो ६४चा दिवा लागून पडदा काळाच राहिला, तर पुढच्या झाकणाखालचा जम्पर पॅक (तिथे खोचलेला छोटा सुटा भाग) जागेवर आहे का ते पाहा. तो कुणीतरी काढून ठेवलेला असतो आणि मग सगळे अडॅप्टरला दोष देतात.

दिवाच लागत नसेल तर दोन वाटा उरतात. बहुतेक जण अडॅप्टर बदलून बघतात, कारण त्यात स्क्रू काढावे लागत नाहीत. मला मात्र हीच वाट जास्त धोक्याची वाटते. एनईएसचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. त्याची पिन फॅमिकॉममध्ये (एनईएसचा जपानी अवतार) आणि सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हमध्येही आरामात बसते, आणि त्या दोघांना हवा असतो डीसी, तोही पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन असा. पिन बसली म्हणून अडॅप्टर चालतोच असं नाही. आज मिळणारे बरेचसे अडॅप्टर याच्या बरोबर उलटे, म्हणजे आत धन असतात. त्यामुळे एसी की डीसी, व्होल्ट आणि धन-ऋण या तिन्ही गोष्टी यंत्रावरच्या छापाशी जुळायलाच हव्यात. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, यंत्र लागेल तेवढेच घेतं.

मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं उपकरण) लावून अडॅप्टर तपासतानाही फसगत होते. जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर मोकळे असताना छापापेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतात, आणि थकलेला अडॅप्टर मोकळा असताना ठणठणीत दिसून भार आला की बसतो. खरा आकडा हवा तर यंत्र चालू करून आतच मोजायला हवा.

म्हणून बाहेरचा, कमी व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या यंत्रांसाठी माझा कौल झाकण उघडण्याला. एसएनईएसला (सुपर निन्टेन्डो) ४.५ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, एवढाच काय तो अडथळा. अडॅप्टर काढून आधी फ्यूज असेल तर तो तपासा. बीपच्या सेटिंगवर मल्टीमीटर वाजला नाही तर फ्यूज गेला. त्या जागी तार जोडू नका, तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज घाला. अडॅप्टर खोचायच्या सॉकेटचे सोल्डरचे डाग तडकलेले असतील तर ते नव्याने द्या. पिन हलवल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला तर दोष इथेच समजा. मग यंत्र चालू करून ७८०५ रेग्युलेटर (स्थिर ५ व्होल्ट देणारा तीन पायांचा भाग) मोजा. पाय खाली आणि छापील बाजू समोर धरली की डावा पाय आवक, मधला ग्राउंड, उजवा जावक. आवक बाजूला ९-१० व्होल्ट किंवा थोडे जास्त, आणि जावक ५ यायला हवेत. आवकच नसेल तर सॉकेट, फ्यूज किंवा स्विच. आवक असून जावक नसेल तर रेग्युलेटर गेलाय, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

मूळ प्लेस्टेशन आणि सेगाचे सॅटर्न, ड्रीमकास्ट यांच्याबाबत मात्र मी कौल फिरवतो. तिथे भिंतीतली वीज थेट आत येते, आणि वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते. बाहेरची केबल बदलून बघणं निर्धोक, कारण त्यात अडॅप्टरच नाही. केबल बदलूनही दिवा लागला नाही तर आतला पॉवर बोर्ड दुरुस्त करत बसू नका, जाणकाराकडून अख्खा बदलून घ्या. (नंतरचा छोटा पीएस वन वेगळा, तो बाहेरच्या ७.५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो.)

राहिला प्रश्न दुसरं यंत्र घेण्याचा. ७८०५ मधून चोख ५ व्होल्ट निघतायत, स्विच आणि कार्ट्रिजही ठीक आहेत, आणि तरी यंत्र गप्प आहे, तेव्हाच तो विचार करा. तोवर बिघाड बहुधा एखाद्या सुट्या भागाचाच असतो.