खांद्यांसाठी भरलेली वर्षभराची वर्गणी

मी दातांची डॉक्टर. एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतेय, त्यामुळे मान उजवीकडे जराशी कललेलीच राहते. घरातल्या कुठल्याही फोटोत बाकीचे सरळ आणि मी एकटी काहीतरी विचारतेय अशी दिसते. गेल्या वर्षी एका दाढेचं रूट कॅनाल फार लांबलं. ते संपवून मान वर करायला गेले, तर ती येईचना. त्याच आठवड्यात एका मसाज सेंटरचं वर्षाचं पॅकेज घेतलं. ते आता संपलं, म्हणून हे लिहितेय.

त्याआधी आणखी एका ठिकाणी जाऊन आले होते, तो किस्सा आधी. मंद दिवे, फुलांच्या पाकळ्या, सगळा थाट होता. 'डीप टिश्यू', म्हणजे खोलवर दाबायचा मसाज मागितला, तर तिथल्या मुलीने कोपर घेऊन पाठीच्या फऱ्यावर जे दाबायला सुरुवात केली! दुखतंय म्हटलं तर म्हणाली, "दुखलं म्हणजेच लागू पडतं." हे वाक्य मी माझ्या पेशंटला ऐकवलं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी राहील. पाठीवरचे दोन निळे डाग आठ दिवस टिकले. निघताना, आता शरीरातली विषद्रव्यं सुटलीत, भरपूर पाणी प्या, असाही सल्ला मिळाला. ते काम माझं यकृत आणि मूत्रपिंडं विनातक्रार करतात, त्यांना कोपराची गरज नाही.

या सेंटरमध्ये दिवे साधे आणि पहिली पंधरा मिनिटं फॉर्म भरण्यात गेली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, ताप, त्वचेचा संसर्ग, हाड मोडलेलं, गरोदरपण. तिथेच माझा निम्मा विश्वास बसला. पोटरीत गुठळी असताना ती चोळणं जिवावर बेतू शकतं, हे विचारायचं भान असलेल्या माणसाच्या हाती मान द्यायला हरकत नाही. मग मसाज करणाऱ्या ताईंनी (त्या माझ्याहून लहान आहेत, पण तिथे सगळे त्यांना ताईच म्हणतात) मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "पेशंट तपासता तशा बसून दाखवा." मी हवेत आरसा धरला, हवेतच ड्रिल धरलं. "बघा, उजवा खांदा कानाला भेटायला निघालाय."

त्यांची पद्धत सांगायची तर आधी तळव्यांनी तेल लावत लांब, सावकाश हात फिरवायचे, मग कणीक मळावी तसे खांदे मळायचे, आणि शेवटी कवटीखाली, मान सुरू होते तिथे, अंगठ्याने अगदी छोटी वर्तुळं. दाब किती, हे शून्य ते दहामध्ये आपण सांगायचं आणि सातच्या वर जायचं नाही. पण त्या आकड्यावर फारशा विसंबत नाहीत. "तुम्ही श्वास रोखलात की मला कळतं, जास्त झालं." हे इतकं खरं आहे की आता मी माझ्या पेशंटचे श्वास बघायला लागलेय.

आता उपयोगाचं. पहिल्या दिवशी घरी जाताना गाडी मागे घेताना मान वळली, नुसते डोळे नाही. मनात म्हटलं, सुटले! दोन दिवस मजेत गेले, तिसऱ्या दिवशी मान पुन्हा जागच्या जागी. माझं पॅकेज आठवड्यातून एकदा तीस मिनिटांचं होतं आणि दीड महिना हेच चक्र चाललं. मग जरा वाचलं. जुनाट मानदुखीच्या 228 लोकांवरचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. त्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा साठ मिनिटं, असं चार आठवडे ज्यांनी घेतलं त्यांना फरक पडला. तीस-तीस मिनिटांवाले मात्र मसाज न घेता नुसतं थांबून राहिलेल्यांपेक्षा फार पुढे गेले नव्हते. मी रिसेप्शनवर जाऊन उरलेलं पॅकेज साठ मिनिटांचं करून घेतलं. कुरकुरत का होईना, दिलं. महिनाभर आठवड्यातून दोनदा, मग एकदा, आता पंधरा दिवसांनी. हा बदल केल्यापासून साधारण पाचव्या आठवड्यात तिसऱ्या दिवसाचं दुखणं यायचं थांबलं.

पण हे मानेपुरतं. कंबरदुखीवर मसाजबद्दलचे अभ्यास एकत्र तपासून 2015 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा काढला होता. थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा सूर होता. तेव्हा मसाजने सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

मला खरी चपराक बसली ती नवव्या की दहाव्या वेळी. ताई मानेचं काम करता करता गालावर आल्या आणि कानाच्या पुढे, जबड्याच्या स्नायूवर दोन बोटं ठेवली. मी ओरडलेच. आणि दुखलं कुठे, तर खालच्या दाढेत! दाढ माझी ठणठणीत आहे. हा स्नायू दाबला की दुखणं दातात उमटतं, हे मी पुस्तकात शिकलेय. दात चांगला असून दुखतोय म्हणणाऱ्या कितीतरी पेशंटना मी हाच स्नायू दाबून दाखवलाय. "दात आवळू नका हो," हे माझं दिवसातून चार वेळा बोलायचं वाक्य. आणि मी स्वतः, त्यांचे दात कोरताना, माझे आवळून बसलेली असते. एकोणीस वर्षं!

त्या दिवसापासून आरशावर एक लाल टिकली चिकटवलीय. ती दिसली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे, खांदे खाली. मुळात चावताना आणि गिळताना सोडलं तर दातांनी एकमेकांना टेकायचं काही कारण नसतं. टिकली दिवसातून चाळीस वेळा दिसते आणि तीस वेळा तरी मी पकडली जाते. सेंटरच्या फलकावर लिहिलेल्या फायद्यांत हे कुठेच नाही, पण माझ्या मानेला सगळ्यात जास्त याचाच आधार झाला. शरीर कुठे कुठे आवळून धरलंय हे मला आतून कळतच नव्हतं, दुसऱ्याचं बोट तिथे पडल्यावर कळलं.

दुसरी सवय टेनिस बॉलची. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये, फऱ्याच्या आतल्या कडेला बॉल धरायचा आणि गुडघे वाकवत हळूहळू वरखाली व्हायचं. मणक्यावर नाही, बाजूच्या मांसावर. दोन पेशंटच्या मधे मिनिटभर. माझी असिस्टंट पहिल्यांदा दार उघडून आत आली आणि तशीच मागे फिरली.

मसाज गनही, म्हणजे स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र, घेतली होती. मांडीला, पोटरीला छान आहे, एका जागी एक-दोन मिनिटं, बास. हाडाला लागली तेव्हा मात्र ड्रिलखाली पडलेल्या माणसाला काय वाटत असेल ते समजलं. मानेला मी ती लावत नाही आणि कुणी लावूही नये. पुढून तर मुळीच नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. आता ती मुलाने पळवलीय. पळून आल्यावर स्नायूंत साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जावं म्हणून तो ती लावतो. ते तासाभरात आपलं आपण जातं, हे त्याला दोनदा सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं हे त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून वाद सोडला.

सेंटरबद्दल तक्रारी आहेतच. संध्याकाळी सातनंतरची वेळ पंधरा दिवस आधी भरलेली असते. ताई रजेवर असल्या की दुसरं कुणी येतं आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणजे फॉर्म भरून घेतात तो वाचत कुणी नाही. बासरीची एकच धून तासात पाच वेळा वाजते.

पुढच्या वर्षाचं पॅकेज घेतलंय, साठ मिनिटांचंच. फक्त दुपारची वेळ पुन्हा घेणार नाही. पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला गोल भोकाची उशी असते, तिचा वळ तासभर जात नाही. मागे एकदा तशीच थेट क्लिनिकला गेले, तर खुर्चीतल्या आजोबांनी तोंड उघडण्याआधी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "डॉक्टर, आधी तुम्हाला कुणी चावलं का?"