पोवई नाक्याजवळचे वकील: कामाला चोख, फोनला नाही

पाचपैकी चार.

आण्णांचं लिव्हर गेलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. दादाला कोरेगावच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आण्णांच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार, स्वतःच्या नावे हवं होतं, ताई हटून बसलेली. शेवटी तिघंही या वकिलांकडे गेलो.

पहिल्याच भेटीत ते दादाला म्हणाले, "अहो, १८७२ च्या करार कायद्यानं माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही गेलं. मग जमिनीचं काय करणार त्यावर?" दादाचं तोंड बघण्यासारखं झालं.

वकील घरी आले तेव्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, चहाचा ट्रे धरून उभ्या वहिनीलासुद्धा. वीस मिनिटं आण्णांशी एकटेच. आज वार कोणता, नातवंडं किती, सही कशावर करताय. आण्णांनी फक्त बँक आणि दवाखान्यापुरतं लिहायला सांगितलं, तेही ताईच्या नावे! आजारी माणसासाठी नोंदणीला दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, हेही यांच्याकडूनच कळलं.

एक स्टार कापला तो टायपिस्टमुळे. आधारचा एक आकडा चुकवला, पानं पुन्हा छापली. फोनही तिसऱ्यांदा केल्याशिवाय उचलत नाहीत.

दादा अजून ताईशी बोलत नाही. त्याला वकील काय करणार?