डायनॅमिक की कंडेन्सर? आधी पंखा बंद करा

माइक मुख्यतः दोन प्रकारचे: डायनॅमिक, आणि त्याहून संवेदनशील कंडेन्सर. घरी रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की सल्ला ठरलेला: ‘डायनॅमिक माइक घे, त्यात बाहेरचं येतच नाही.’ हे अर्धंच खरं. डायनॅमिक कमी संवेदनशील असतो, म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलावं लागतं, आणि गोंगाट कमी होतो तो या जवळ जाण्यामुळे. तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. रस्त्यावरचा हॉर्न जिथल्या तिथे राहतो. कंडेन्सरही कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं टिपणारा) असेल आणि तितकाच जवळ धरला, तर दोघांत फार फरक उरत नाही.

त्यामुळे कथावाचन, पॉडकास्ट असं एकट्याचं बोलणं असेल तर डायनॅमिक घ्या. चार बोटांवरून बोला, फटफटणारे ‘प’ आणि ‘फ’ टाळायला माइक जरा तिरका ठेवा. मात्र काही डायनॅमिक भलतेच मंद असतात, म्हणजे त्यांचा सिग्नल फार क्षीण येतो. शुअर कंपनीच्या एसएम७बी या माइकला साधारण 60 डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) लागतो; स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तेवढा ताणला की त्याचीच सळसळ ऐकू येते. म्हणजे एक गोंगाट घालवून दुसरा विकत घेतला!

गाणं-हार्मोनियम एकत्र टिपायचं असेल तर माइक दोन-तीन फूट लांब जाणारच. तिथे मी कंडेन्सरच घेईन. त्याला माइकच्याच केबलमधून येणारा 48 व्होल्टचा वीजपुरवठा (फँटम) लागतो आणि खोलीही शांत लागते. कार्डिऑइडला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे करा आणि स्वतः कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाला पाठ करून बसा. गोधडी टांगली तर खोलीचा घुमारा कमी होतो, शेजारचं ड्रिल नाही.

उरलं सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तीन-चार सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून तो नमुना त्यातल्या गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला (नॉइज रिडक्शन) दिला की पंख्यासारखा एकसुरी आवाज बराच खाली येतो. पण हात सैल सोडला तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तानपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या झंकाराची शेपटीही कापली जाते. बोलण्यासाठी चालेल, गाण्यासाठी जपून. विजेची 50 हर्ट्झची घरघर 80 हर्ट्झखालचे आवाज कापणाऱ्या हाय-पास फिल्टरने कमी होते, तिचे 100-150 हर्ट्झचे भाऊबंद मात्र राहतात.

कुकरची शिट्टी मात्र यातल्या कशानेच जात नाही. ती झाली की थांबा आणि वाक्य पुन्हा घ्या.