पहिलं क्रोशेकाम: कोस्टर, मफलर की तोरण?

क्रोशे शिकायचं ठरलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तोरण येतं. रुखवतात पाहिलेलं असतं, दारावर लावायची हौस असते. पण तोरणाचा दोरा बारीक आणि त्याची स्टीलची सुई दीड-दोन मिलिमीटरची. हाताला सवय नसताना त्यात टाका कुठे संपला नि पुढचा कुठे सुरू झाला, हेच दिसत नाही. शिवाय एकच नमुना दाराच्या रुंदीभर पुन्हा पुन्हा विणायचा असतो. म्हणून पहिल्या कामासाठी तोरण नको, असं मी ठामपणे सांगेन.

मग मफलर? तो सोपा असतो हे खरं. साखळी (एका फासातून दुसरा फास काढत केलेली रांग) घालायची आणि खांबांच्या, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांच्या, ओळी विणत जायच्या. अडचण लांबीची आहे. मोठ्या माणसाचा मफलर दीड मीटरच्या आसपास हवा, त्याला 150 ते 200 ग्रॅम लोकर लागते, आणि नवशिक्याचा उत्साह बऱ्याचदा मध्यावरच ओसरतो. त्यात ओळीच्या टोकाचा खांब हमखास सुटतो. प्रत्येक ओळीत एक सुटला तरी मफलर वर वर निमुळता होत जातो, आणि ते लक्षात येईपर्यंत बरंच विणून झालेलं असतं. थंडीच्या गावी कुणाला द्यायचा असेल तर जरूर करा, पण दुसरं किंवा तिसरं काम म्हणून.

माझी पसंती चौकोनी कोस्टरला, म्हणजे कपाखाली ठेवायच्या छोट्या तुकड्याला. जाडसर सुती दोरा आणि 4 मिलिमीटरची सुई घ्या. 21 साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (वेढा न घेता विणलेला बुटका टाका) घ्या आणि ओळीत 20 मुके खांब पुरे करा. मग एक साखळी, काम उलटवा, पुन्हा 20. चौकोन होईपर्यंत हेच. प्रत्येक ओळ संपली की टाके मोजायचे. कंटाळवाणं वाटलं तरी हे सोडू नका, कडा सरळ येण्याचं सगळं मर्म त्यातच आहे. चुकलं तर सुई काढून दोरा ओढायचा. सुईवर एकच फास असल्यामुळे हवं तेवढंच उसवता येतं. कोस्टर एका बैठकीत होण्याजोगा असतो, आणि लगेच चहाच्या कपाखाली जातो. दोरा मात्र सुतीच हवा. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं, त्यामुळे गरम भांड्याखाली ते अजिबात नको.

गोल कोस्टर दिसायला जास्त देखणा, पण त्यात दर फेरीला टाके वाढवावे लागतात: खांबांचा असेल तर 12, मग 24, मग 36. कमी वाढवले तर वाटीसारखा वळतो, जास्त झाले तर झालर पडते. चौकोनी कोस्टर जमल्यावर तो करा.

ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणलेला जाळीदार चौकोन, मला खरं तर सगळ्यात आवडतो. पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे चार गट, मध्ये दोन-दोन साखळ्या. पुढच्या फेऱ्यांत सुई टाक्यात न घालता मधल्या मोकळ्या जागेत घालायची, त्यामुळे टाका शोधत बसावं लागत नाही. फक्त साखळी, खांब आणि फेरी जोडणं आधी यायला हवं. उरलेल्या लोकरीचे रंग यात छान खपतात.

लोकर किंवा दोरा फिक्या रंगाचा घ्या, काळ्यावर टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर उसवताना गुंतते, तीही सुरुवातीला टाळा.

आणि तोरणाची हौस तशीच असेल तर जाड दोऱ्याचे ग्रॅनी स्क्वेअर एका कोपऱ्यावर उभे धरून साखळीच्या पट्टीला ओळीने जोडा, खालच्या टोकाला गोंडे लावा. बारीक सुईला हात न लावता दारावर तोरण लागेल.