घरी फोटो छापायला एप्सन एल ८०५० : दीड वर्ष वापरल्यावर, इंदूरहून

दीड वर्ष वापरला आणि मग लिहायला बसलेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या तक्रारी झाल्या असत्या आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या, कारण दोष प्रिंटरचा नव्हता, कागदाचा होता आणि माझ्या सेटिंगचा होता.

आधी वस्तू काय ते सांगते. टाकीवाला ए४ प्रिंटर, शाई बाटलीतून ओतायची, ७० मिलीच्या सहा बाटल्या. नेहमीच्या चार शाया असतातच, त्याशिवाय फिकी सायन (निळसर) आणि फिकी मजेंटा (गुलाबीसर). ह्या दोन फिक्या शायांसाठीच फोटोवाल्यांनी हा घ्यावा, कारण चार शायांच्या ऑफिसवाल्या प्रिंटरवर गालावर किंवा आकाशात बारीक बारीक ठिपके दिसतात, रवा पसरल्यासारखे, इथे ते डोळ्याजवळ धरूनही दिसत नाहीत. स्कॅनर नाही, झेरॉक्स नाही, ते हवं असेल तर हा तुमच्यासाठी नाही. कॅननच्या जी ५७० मध्येही सहा शाया आहेत पण तिथे फिक्या शायांऐवजी लाल आणि राखाडी दिलीय, ब्लॅक अँड व्हाईट जास्त छापणाऱ्यांनी तो आधी बघावा, का ते पुढे येईलच.

आता कागद. सुरुवातीला इथल्या जेल रोडच्या बाजारातून १८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, दर चौरस मीटरला किती ग्रॅम) स्वस्त ग्लॉसी आणला, दुकानदार म्हणाला "दीदी, सब एक जैसा ही है", मीही मानलं. छापून आला तर चेहरे काळवंडलेले, काळा रंग राखेसारखा, आणि संध्याकाळपर्यंत कागद पापडासारखा वळलेला. मी प्रिंटरलाच बोल लावत होते. मग दादाने त्याच्याकडचा २६० जीएसएमचा आरसी, म्हणजे रेझिन कोटेड, कागद दिला, तोच फोटो, तेच सेटिंग, आणि अक्षरशः दुसराच फोटो बाहेर आला! फरक जीएसएमचा नाही हे नंतर कळलं, स्वस्त कागद म्हणजे साध्या कागदावर चकाकी चढवलेली, शाई आत मुरते आणि कागद वाकतो. आरसीमध्ये कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि वर शाई धरून ठेवणारा लेप, शाई त्या लेपातच थांबते, त्यामुळे काळा काळाच दिसतो. दुकानात ओळखायचं सोपं आहे, मागून बोट फिरवा, वहीच्या कागदासारखं खरखरीत लागलं तर ठेवून द्या, गुळगुळीत लागलं तर घ्या, आणि पहिल्यांदा छोटंच पाकीट घ्या.

कागद बदलला की ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकारही बदलायचा, हे फार जण विसरतात. फोटो पेपर घालून सेटिंग "प्लेन पेपर"वर राहिलं तर प्रिंटर शाईचा हिशेबच वेगळा धरतो आणि फोटो मळकट येतो. मी हे एकदा आठ फोटो छापून झाल्यावर पाहिलं, आठही वाया. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, मी अर्ध्याच्याही खाली आणलाय. भगभगीत स्क्रीनवर बघून फोटो ठीक केला की कागदावर तो अंधारा येणारच, स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत देतो एवढंच.

खरी परीक्षा झाली गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, फोटोंची. ज्यांनी इंदूरची गेर पाहिलीये त्यांना सांगायला नको, राजवाड्यासमोर गुलालाचे ढग उठतात, टँकरमधून रंगीत पाणी उडतं, आणि मागे राजवाड्याचा तो सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. दादाने एका गच्चीवरून काढलेला फोटो स्क्रीनवर इतका सुंदर होता की मी थेट ए४ काढला. गुलालाच्या जागी एक सपाट गुलाबी डाग. ढग नाही, धूळ नाही, काहीच नाही! मग समजून घेतलं की इतका झगझगीत गुलाबी स्क्रीनला दाखवता येतो, शाईला नाही, आणि जे रंग शाईच्या हद्दीबाहेर आहेत ते सगळे हद्दीवरच्या एकाच रंगावर येऊन बसतात, त्यामुळे ढगातल्या छटा पुसल्या जातात. उपाय रंग वाढवण्यात नाही, कमी करण्यात आहे. मी त्या फोटोचा फक्त गुलालाचा तुकडा घेतला, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं थोडं उतरवून त्याचे चार नमुने केले आणि एकाच ४ बाय ६ वर शेजारी शेजारी छापले. तिसऱ्या नमुन्यात ढग परत आला, त्याच्या कडेला उन्हात चमकणारी धूळसुद्धा, आणि मागच्या लाकडी खिडक्यांच्या चौकटी वेगवेगळ्या मोजता येतात. स्क्रीनवर तोच नमुना फिका वाटतो, पण भिंतीवर तोच लावलाय. ही चार नमुन्यांची पट्टी आता मी प्रत्येक मोठ्या फोटोआधी काढते, एक छोटा कागद जातो पण मोठे चार वाचतात.

दुसरं काम आत्याचं. आजीचा एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो होता, जेमतेम सव्वा दोन बाय सव्वा तीन इंचांचा, आत्याला तो मोठा करून हवा होता. बाहेरून १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून आणला, दुकानवाला ६०० म्हणत होता, पण मी हिशेब केला होता की ६०० ला केला तर ए४ वर इंचाला जेमतेम १६० पिक्सेल उरतात, आणि चांगल्या प्रिंटला ३०० च्या आसपास लागतात. छापलं तेव्हा आत्या खिडकीशी फोटो धरून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, ही तर तिची माहेश्वरी साडी, काठ बघ ना." लहान फोटोत काठ म्हणजे एक राखाडी पट्टी होती, इथे त्यातल्या रेषा दिसत होत्या. आई पण उठून आली.

पण ह्याच फोटोने एक अडचणही दाखवली. ह्या प्रिंटरवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो रंगीत शाया मिसळून छापला जातो, म्हणून दिवसा खिडकीत तो स्वच्छ राखाडी दिसतो आणि रात्री एलईडीच्या दिव्यात हिरवट. प्रिंटर बिघडलेला नाही, राखाडी शाई नसली की हे थोडंफार होतंच. मी शेवटी फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी झाक दिली, जुन्या फोटोला ती शोभतेही आणि उजेड बदलला तरी डोळ्यात खुपत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो कृपा करून छापू नका, नातेवाइकांना सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होऊन येतो, ४ बाय ६ ला एकवेळ चालतो पण ए४ ला केस आणि पापण्या मेणाच्या वाटतात. आणि मोबाईलचा फोटो ४:३ असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२, म्हणजे वरखाली काहीतरी कापलं जाणारच, त्यात बॉर्डरलेस ठेवलं की प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो आणि कडा अजून जातात. मावशीच्या साठीच्या ग्रुप फोटोत मागे उभ्या काकांचं अर्धं डोकं असंच गेलं. आधी स्वतः क्रॉप करून घ्यावं.

बंद ठेवण्याबद्दल. मागच्या मे मध्ये आम्ही दीड महिना बाहेर होतो आणि इंदूरचा मे तुम्हाला माहीत आहे, कोरडी लू. परत येऊन छापलं तर आकाशात पांढऱ्या रेघा, नोझल चेकमध्ये (शाईची बारीक छिद्रं तपासायची छापील चाचणी) फिकी सायन अर्धी गायब. तीनदा हेड क्लिनिंग केलं तेव्हा सुरू झाली, पण क्लिनिंगमध्ये शाई भरपूर जाते, उगाच पुन्हा पुन्हा करू नये, मधे काही तास थांबावं. आता दर रविवारी एक छोटा रंगीत फोटो काढतेच, बाहेरगावी जायचं असेल तर हे काम भाच्याकडे. पावसाळ्यात उलटं, कागद दमट होतो, म्हणून पाकीट झिप पिशवीत.

टिकण्याचं खरं खरं सांगते. ह्यातली शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची आहे, रंग झळझळीत येतात पण ऊन आणि हवा दोन्ही तिला मानवत नाहीत. आजीच्या फोटोची एक प्रत आत्याकडे काचेमागे आहे, ऊन न येणाऱ्या भिंतीवर, ती आहे तशी आहे. दुसरी मी स्वयंपाकघरात खिडकीजवळ उघडीच चिकटवली होती, आठ महिन्यांत फिकी पडली आणि सावल्या तांबूस झाल्या. फ्रेम करण्याआधी एक दिवस उघडं वाळू द्यावं, लगेच काचेत घातलं तर आतून धुकं धरतं.

पैसे वाचतात का, तर लग्नाचे ३०० फोटो काढायचे असतील तर नाही, ते सरळ लॅबला द्या, तिथे केमिकलच्या कागदावर एकसारखे निघतात आणि स्वस्तही पडतात. घरचा प्रिंटर त्या दोन-चार फोटोंसाठी आहे ज्यांच्यावर तुम्हाला एक अख्खी दुपार बसायचंय. आत्याने आता आजोबांचाही फोटो पाठवलाय, मधोमध घडी पडलेली आहे, ह्या रविवारी तोच घेणार आहे.