जोंगा गरम झाली की उठत नाही: नऊ महिन्यांचा अनुभव

लष्कराच्या लिलावातून निघून दोन हात फिरलेली जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी जीपसारखी गाडी, मी नऊ महिन्यांपूर्वी घेतली. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये उठते. त्रास सगळा गरम झाल्यावरचा. पहिल्याच महिन्यात खंबाटकी चढून चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतंय. पोरं उन्हात उभी. चाळीस मिनिटांनी, काहीही न करता, गाडी सुरू!

ज्याला विचारलं तो म्हणाला एअर लॉक (पाइपात पेट्रोलची वाफ अडकून पुढे पेट्रोलच पोचत नाही), पंपावर ओलं फडकं ठेवा. ठेवलं. पंपाचा डायफ्रामही बदलला. काही उपयोग नाही.

मग एकदा अशीच अडली तेव्हा एअर क्लीनर काढून बॅटरीच्या उजेडात कार्ब्युरेटरमध्ये डोकावलो. आतून सगळं ओलं, जेटच्या तोंडाशी थेंब फुगून गळतोय, बारीक खदखद ऐकू येतेय आणि पेट्रोलचा उग्र वास. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि खालच्या एक्झॉस्टची धग फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळवते. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं हे आणखी लवकर होतं. म्हणूनच लगेच सेल्फ मारला तर गाडी उठते, दोन तासांनीही उठते, अडते ती मधल्या वेळेत.

धग वर चढू नये म्हणून कार्ब्युरेटरखाली दहा मिमीचा बेकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) तुकडा घातला (स्टड लांब लागतात, अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड पुन्हा जुळवावा लागतो), त्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांबून फिरवला. फ्लोटची लेव्हल किंचित उतरवली. खरा गुण बेकेलाइटनं आला असं माझं ठाम मत आहे, कारण तो एकटा घातला त्याच आठवड्यात फरक कळला.

आता गरम गाडीला चोक नाही, पंपिंग नाही. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. दोन-तीन फेऱ्यांत उठते. मे महिन्यात घाटातल्या ट्रॅफिकमध्ये दोनदा अडली, पण पाच-सात मिनिटांत सुटली.

तुमच्या गाडीत उलटंही असू शकतं. अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हातानं दाबून पाहा. आत पिचकारी आली नाही, चेंबर कोरडा असेल, तर खरंच एअर लॉक आहे. मग पंप आणि पाइपकडे बघा. आणि सेल्फच जड फिरत असेल, तर आधी बॅटरीच्या आणि अर्थच्या केबल घासून घट्ट करा.